अठ्ठेचाळीस के आणि आठ करडे रंग

१४ डिसेंबर, रविवार. इचोड्याचं तुझं दुकान रिकामं करणे.

दादा, परवा तुझं तेरावं झालं. दुकानमालकाला महिन्याअखेर शटरची किल्ली हवी आहे, म्हणून सकाळच्या बसने तामसीहून आदिलाबाद, तिथून दुसरी बस, आणि साडेनवाला मी कुलूप उघडलं. पंधरा दिवस माझी वांगी बाजारात गेलेली नाहीत. ह्यांना तोडणीवर बसवून आले आहे.

मी रडले नाही, हे आधीच सांगून टाकते. तुला आणलं तेव्हा नाही, तेराव्याला नाही, आज कुलूप उघडतानाही नाही. लोक माझ्या तोंडाकडे बघतात आणि मग दुसरीकडे बघतात. मला काही वाटतच नाही. हात चालतात. दुपारपर्यंत अकरा टीव्ही, दोन पोती सर्किटं आणि पत्र्याचा एक डबा भरून नॉब भंगारवाल्याला दिले. कुठला नॉब कुठल्या टीव्हीचा, ते तुलाच माहीत होतं. आता तो नुसता पत्र्याचा डबा.

शेजारचे पंक्चरवाले रहीमभाई मदतीला आले. त्यांना गुडघ्याचा त्रास, म्हणून स्टुलावर बसून मदत केली, म्हणजे मी काय उचलते त्यावर बोलत राहिले. वरच्या फळीवरचं थर्माकोलचं खोकं मी उतरवलं तेव्हा म्हणाले, "वो नको बेचो बहन. वो अन्ना का कंप्यूटर है."

"हैदराबादहून एक जण येणार आहे उद्या. त्याला द्यायचा आहे."

"कित्ते में?"

"तीस हजार म्हणाला फोनवर."

"नहीं देता था अन्ना," ते म्हणाले आणि हसायला लागले. "कार्ड देखो, कार्ड."

कार्ड पाहिलं. लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तुझं अक्षर. मेमरी ४८ के. प्रोसेसर आठ बिटचा, साडेतीन मेगाहर्ट्झ. पडद्यावर २४ ओळी, एका ओळीत ३२ अक्षरं. रंग ८. स्वतः बनवायची अक्षरं २१. साठवण : साधी कॅसेट, साधा टेपरेकॉर्डर. पडदा : घरचा टीव्ही. चालू स्थितीत. आणि खाली किंमत. अडीच हजार, खोडलेले. चार हजार, खोडलेले. सात, खोडलेले. पंधरा, खोडलेले. शेवटी चाळीस हजार.

रहीमभाईंनी सांगितलं ते असं की गिऱ्हाईक कार्ड वाचून "ठीक आहे, देतो" म्हणालं की तू शांतपणे कार्ड काढून घ्यायचास, आकडा खोडायचास आणि पुढचा लिहायचास. एका मास्तरने तुला वेडा म्हटलं होतं. तू त्याला चहा पाजलास.

आणि मी तीस वर्षं तुझ्या मागे लागले होते, की ते डबडं विकून टाक, फळी अडवते. तू म्हणायचास, "विकाले तं ठेवलंच हाय, घेनारा भेटला पायजे." मी तुला आळशी समजत होते. तू माझ्याशी खोटं बोलत होतास, इतकंच.

हा कंप्यूटर आपल्या घरी आला तेव्हा मी चौदा वर्षांची होते आणि तू वीसचा. आदिलाबादेत नोकरीवर असलेल्या एका इंजिनियरची बदली झाली आणि त्याने तो तुला तीन हजारांत दिला. घराला लागूनच हमरस्त्यावर छोटं दुकान चालवणारे बाबा दोन दिवस तुझ्याशी बोलले नाहीत. त्यांचं म्हणणं साधं होतं, आणि मला आजही पटतं. "एवढ्यात जुना फ्रिज आला असता. ट्रकवाल्याइले थंडा सोडा इकला असता. तुह्या या डब्यातून काय निंगते?"

काही निघत नव्हतं, हे खरं. रबराच्या बटणांची एक काळी पाटी, पुस्तकापेक्षा थोडी मोठी. अँटेनाच्या जागी तिची वायर लावायची आणि टीव्हीवर अक्षरं यायची. करंट गेला की टाइप केलेलं सगळं पुसलं जायचं, आणि इचोड्यात करंट रोज जायचा. म्हणून तू अर्धा तास झाला की केलेलं काम कॅसेटवर भरून ठेवायचास. मग करंट परत आला की पाच मिनिटं टेप चालवायची आणि मशीनने ते ऐकून घ्यायचं. टेपचा आवाज पाऊणवर. त्याहून कमी झाला तर ऐकत नाही, जास्त झाला तर ऐकत नाही. बाबा म्हणायचे, ठेवलेल्या बाईसारखे नखरे करते.

आठ रंगांचं आपलं भांडण आठवतं का? आपला टीव्ही काळा-पांढरा. आठही रंग करडे. कुठे राखेसारखा, कुठे सिमेंटसारखा. तू मात्र बोट ठेवून सांगायचास, "हा निळा हाय. हा जांभळा. आन् हा हिरवा."

"दादा, सगळे सारखेच दिसून राह्यले."

"तुले दिसत नाही म्हून काय झालं? त्याच्या आत हाय तो हिरवा."

"मंग आतच राहू दे."

मराठी अक्षरं त्याला येत नव्हती. पण एकवीस खाने मोकळे होते, आपण चौकोन भरून आपलं अक्षर बनवायचं, आठ आडवे, आठ उभे. गणिताच्या वहीच्या पानावर तू रेघा मारायचास आणि मी पेन्सिलीने चौकोन भरायचे. एकवीस खान्यांत सगळी बाराखडी कशी मावणार? म्हणून तू पोरांच्या पहिल्या धड्यातले शब्द निवडलेस आणि तेवढ्यांपुरती अक्षरं घेतलीस. त्यात भ लागत नव्हता. मी वही मिटून बसले.

"तुह्या एका नावापायी एक खाना जाते, शोभे."

"तं भर मंग तूच चौकोन."

तू खाना दिलास. पहिल्याच पडद्यावर माझं नाव टाकलंस. "हिरव्यात टाकलं हाय," म्हणालास. मी म्हटलं, राखुंडीसारखं दिसते.

आता जे मी तुला कधी सांगितलं नाही ते लिहिते. लिहायला बसले ती खरं तर त्यासाठीच.

आदिलाबादच्या एका मराठी शाळेच्या मोठ्या गुरुजींनी तुला बोलावलं होतं. मशीनवर मराठी अक्षरं दिसली तर आठवड्याचे दोन दिवस पोरांना शिकवायला ये, असं म्हणाले होते. तू तीन महिने त्या एका गोष्टीसाठी बसला होतास. नवी कोरी कॅसेट महाग, म्हणून तू बाबांची एक जुनी, विकत आणलेली, कंटाळा आलेली गाण्यांची कॅसेट घेतलीस. विकतच्या कॅसेटची पाठीवरची ती छोटी चौकोनी पट्टी मोडलेली असते, म्हणजे तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. पण घरोघरी सगळ्यांना तोड माहीत होती. त्या भोकात कागदाचा बोळा कोंबायचा. आपल्याकडे बिडीच्या कट्ट्यावरचा गुलाबी कागद असायचा. तू बोळा घातलास, तुझं काम भरलंस आणि बोळा काढून घेतलास, म्हणजे आता ते कुणी पुसू शकणार नाही.

कॅसेटवर तू काही लिहिलं नव्हतंस. मला ती बाबांची जुनी कॅसेटच वाटली. जायच्या आदल्या दिवशी तू बाजारात गेला होतास आणि रेडिओवर गाण्यांचा कार्यक्रम लागला. मी गुलाबी कागदाचा बोळा केला, भोकात घातला, टेप रेडिओपुढे ठेवला आणि लाल बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी आपण बसने गेलो. टीव्ही तुझ्या मांडीवर, टेपरेकॉर्डर माझ्या. शाळेच्या खोलीत सहा मास्तर आणि गुरुजी. तू वायर जोडलीस आणि खिशातून कॅसेट काढलीस, तेव्हा मला त्या भोकात गुलाबी ठिपका दिसला.

टेप चालू झाला. वायर खोचलेली असली की टेपचा आवाज बाहेर येत नाही, सगळा मशीनमध्ये जातो. पडद्याच्या कडेला पट्टे हलत होते, पण मशीनला काही उमगत नव्हतं. त्या वायरीतून गाणी जात आहेत हे फक्त मला माहीत होतं.

तू टेप मागे घेतलास, पुन्हा लावलास. पुन्हा तेच. एक मास्तर म्हणाले, "याच्याहून आपला फळा बरा बापा. खडू मारला का अक्षर दिसते." सगळे हसले. गुरुजी हसले नाहीत, घड्याळ बघितलं. तू कॅसेट बाहेर काढून बघितलीस, परत आत घातलीस. मग म्हणालास, "टेपनं ओलावा धरला, गुरुजी." घंटा झाली. आपण सामान बांधलं.

मी बोलले नाही. बसमध्ये नाही, घरी नाही. पुढे माझं लग्न झालं तेव्हा वाटलं, जायच्या आधी सांगावं. नाही सांगितलं. तू पुन्हा कुठल्या शाळेत गेला नाहीस. टीव्ही दुरुस्त करायला बसलास तो बसलासच. लोक तुला टीव्ही अन्ना म्हणायला लागले. मी दर भाऊबीजेला तुझ्या ताटात वाढताना मनात म्हणायचे, याला अजून वाटतं की ओलावा होता. अडतीस वर्षं मी हे धरून बसले होते, की माझ्या चार गाण्यांपायी याचं आयुष्य फळीवर जाऊन पडलं, आणि याला ते ठाऊक नाही.

मी कामाची बाई म्हणून ओळखली जाते. पण एक साधी गोष्ट माझ्या डोक्यात कधी आली नाही. टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारा माणूस घरी जाऊन ती कॅसेट ऐकल्याशिवाय कसा राहील?

आज दुपारी खोक्यातून मशीन बाहेर काढलं. खाली वायरी, खाली वहीची पानं, माझ्या पेन्सिलीचे भरलेले चौकोन. त्याखाली कॅसेट. आता तिच्यावर चिठ्ठी होती, तुझ्या अक्षरात : "शोभा, रेडिओ. पुसू नये." पाठीचं भोक मोकळं. डबीच्या कोपऱ्यात गुलाबी कागदाचा बोळा.

माझे हात थांबले तेवढे. रहीमभाईंनी बघितलं आणि म्हणाले, "ये वाली? ये तो अन्ना कब्बी कब्बी दोपहर को लगाता था. हमकू गाने पाठ हो गए. बीच में एक अम्मा चिल्लाती, रोटी के लिए. अन्ना हँसता था."

"ती आमची आई."

"हौ, बोला था. और बोला था, बहन को नको बोलना, उसको शरम आयेगी."

मी त्यांना चहा सांगायला पाठवलं आणि टेप लावला. गाणी खरखरीत, काही खास नाहीत, निवेदकाचा आवाज आलाही आणि गेलाही. पण टेप रेडिओपुढे नुसता ठेवलेला होता, म्हणून सगळं घर त्यात आलं आहे. दुकानाच्या खिडकीत बाबा कुणाला तरी सुटे नाहीत म्हणून तेलुगूत सांगतात, "चिल्लर लेदु." ट्रकचा हॉर्न. भांडं पडतं. आणि आई, "शोभे, काऊन करंट जाळून राह्यली वं? भाकरी थापाची हाय का नाही?" आणि मी, बारीक आवाजात, "आली वं माय." आले नाही. पुढचं गाणं सुरू झालं.

आई जाऊन सतरा वर्षं झाली, बाबा त्याआधीच. मी बसून राहिले. असं वाटलं की ही दुसऱ्या कुणाची आई दुसऱ्या कुणाला ओरडते आहे.

वीसेक मिनिटांनी गाणं अर्ध्यात तुटलं आणि तुझ्या मशीनची किरकिर लागली. अर्धवट, मध्येच सुरू झालेली. मी बंद करायला हात पुढे केला होता. ती संपली, जरा शांतता झाली, आणि मग लांब शिट्टी. मग छोटी खरखर. परत शिट्टी. मग लांबच लांब किरकिर, पाच मिनिटं, शेवटपर्यंत.

तीन महिने मी तुझ्या शेजारी बसून हे ऐकलं होतं. शिट्टी, खरखर, शिट्टी, किरकिर. एवढं झालं की एक पुरं काम. टेपच्या नखऱ्यांना भिऊन तू ते नुसतं एकदा भरलं नव्हतंस. पूर्ण बाजूभर, एकामागून एक, पुन्हा पुन्हा भरलं होतंस. माझ्या गाण्यांनी पहिल्या प्रती पुसल्या. शेवटची प्रत शाबूत होती. त्या दिवशीही शाबूत होती.

आणि तेव्हा मला तुझा हात आठवला. शाळेच्या खोलीत दुसऱ्यांदाही जमलं नाही तेव्हा कॅसेट काढून तो गुलाबी बोळा बघितल्यावर तू ती परत आत घातलीस आणि तुझा हात वायरीकडे गेला. वायर उपटायची, टेप पुढे पळवत ऐकायचं आणि गाणी कुठे संपतात ते शोधायचं. दोन मिनिटांचं काम. वायरीला बोटं लागली होती. तू माझ्याकडे बघितलंस. मी टेपरेकॉर्डरची रिकामी पिशवी छातीशी धरून उभी होते. वायर उपटली असती तर सहा मास्तरांपुढे गाणी वाजली असती, आणि सगळ्यांना कळलं असतं की हे कुणी केलं.

तू हात मागे घेतलास आणि ओलाव्याचं बोललास.

मूर्ख आहेस. मी चौदा वर्षांची होते, चार लोक हसले असते, बसमध्ये रडले असते आणि आठ दिवसांत विसरले असते. तुझे दोन दिवस आठवड्याचे तुला मिळाले असते. कुणी सांगितलं होतं तुला हात मागे घ्यायला? आणि बरं, त्या दिवशी नाही तर नाही. घरी येऊन ऐकलंस, शेवटचं शाबूत आहे हे तुला कळलं. मग परत का गेला नाहीस? बस रोज होती. गुरुजी भले होते. की तुलाच आता नको होतं? की हसलेल्या खोलीत पुन्हा जायचं नव्हतं? माझ्यासाठी थांबलास की स्वतःसाठी, हे मला कोण सांगणार? मी माफी तयार ठेवली होती इतकी वर्षं. आता तिचं काय करू, आणि या प्रश्नाचं काय करू, तेही कळत नाही.

रहीमभाई चहा घेऊन आले. थंड झाला तरी पिऊन टाकला, आणि रात्री दुकानातच पथारी टाकली.

१५ डिसेंबर, सकाळ.

हैदराबादचा माणूस नऊला आला. चाळिशीचा, चष्मा, नागपूरला चालला होता, वाटेत थांबला. गाडीतून छोटा रंगीत टीव्ही, दुसरा टेपरेकॉर्डर आणि कोऱ्या कॅसेटी अशी त्याची सगळी तयारी. त्याने पाटी उलटीपालटी केली, बटणं दाबून बघितली, वायरी लावल्या. "मॅडम, मेरे फोन का एक फोटो रखने के लिए ऐसे साठ मशीन लगेंगे," म्हणाला. हे तो सगळीकडे सांगत असणार.

"चलता है क्या?" त्याने विचारलं.

"रुको," मी म्हटलं.

कॅसेट मी घातली. वायर काढून ठेवली, आवाज मोठा केला आणि टेप पुढे पळवत ऐकत राहिले. गाणं, गाणं, आई, गाणं, ट्रक, किरकिर, शांतता. तिथे थांबवलं. वायर खोचली. आवाज पाऊणवर. त्याच्याकडून मशीनला ऐकायचा हुकूम टाइप करून घेतला आणि बटण दाबलं.

पडद्याच्या कडेला पट्टे पळायला लागले, लाल, आकाशी, पिवळे, निळे. पाच मिनिटं तसेच पळत राहिले. रहीमभाईंनी स्टूल पुढे ओढलं. मग पट्टे थांबले, पडदा काळा झाला, आणि मध्यभागी, चौकोनी, भ जरा वाकडा, कारण त्याचा एक चौकोन मी जास्तीचा भरला होता, माझं नाव आलं.

हिरवं होतं, दादा. पोपटाच्या पिसासारखं हिरवं.

"ये किसने बनाया?" तो माणूस विचारत होता. "इस मशीन पे मराठी मैंने कब्बी नहीं देखा. ये कौन है, शोभा?"

"अन्ना की बहन," रहीमभाई म्हणाले.

तो लगेच तीसवरून कार्डावरच्या चाळीसवर आला. "फोर्टी. डन. कॅसेट के साथ."

मी कार्ड त्याच्या हातातून घेतलं, चाळीस खोडले आणि खाली एक लाख लिहिले. रहीमभाई एवढे हसले की त्यांना खोकला लागला. तो माणूस आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघत राहिला. मी त्याला म्हटलं, मशीन मिळणार नाही, पण या कॅसेटची नक्कल घेऊन जा, फुकट. मात्र दोन कर. एक तुला, एक मला.

त्याने टेपला टेप जोडून नकला केल्या, गाण्यांसकट. तासभर लागला. तेवढ्यात मी फळी पुसली, झाडू मारला आणि खोकं बांधलं. तो गेल्यावर माझी नक्कल हातात घेतली, सुरीचं टोक लावलं आणि तिच्या पाठीवरची पट्टी मोडली. मग खोकं डोक्यावर घेऊन अकराच्या बसला उभी राहिले.